इंग्लंडातल्या काउन्सिलमध्ये फायनान्स डायरेक्टरच्या जागेसाठी अर्ज करायचाय, आतली प्रक्रिया माहीत असलेल्यांनी सांगा

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, पण अर्धवट सांगून विचारलं तर उत्तरंही अर्धवटच येतात म्हणून सगळं सांगते. आम्ही २००८ ला इंग्लंडात आलो, मिडलँड्सकडे. माझ्याकडे भारतातलं सीए होतं आणि वाटलं होतं की त्यावर लगेच चांगलं काहीतरी मिळेल, पण सुरुवात झाली ती एका डिस्ट्रिक्ट काउन्सिलमध्ये अकाउंट्स असिस्टंट म्हणून, तेही सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर. पण काम आवडलं. कचरा उचलणं, म्हाताऱ्या माणसांची घरातली केअर, रस्त्यांचे खड्डे, लायब्ररी, हे सगळं आकड्यांतून दिसायला लागलं आणि मग खाजगी कंपनीत जावंसं वाटलंच नाही. काउन्सिलनेच फी भरून सिपफा, म्हणजे इथली सरकारी क्षेत्राची अकाउंटन्सीची पात्रता, करायला लावलं, पुढे दोन काउन्सिली बदलल्या, आणि आता एका युनिटरीमध्ये (काउंटी आणि डिस्ट्रिक्ट दोघांचं काम एकटीच करणारी काउन्सिल) तीन वर्षं डेप्युटी सेक्शन १५१ ऑफिसर आहे, म्हणजे काउन्सिलच्या पैशाला कायद्याने जबाबदार असलेल्या मुख्य फायनान्स ऑफिसरची डेप्युटी.

आता मुद्दा. मागच्या आठवड्यात एका रिक्रूटमेंट फर्ममधून फोन आला की शेजारच्या काउंटीतल्या एका युनिटरी काउन्सिलला एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर ऑफ रिसोर्सेस हवाय, सेक्शन १५१ ची जबाबदारी त्याच पोस्टमध्ये, शिवाय एचआर, आयटी आणि प्रोक्युअरमेंट. फर्ममधल्या बाई म्हणाल्या तुमचं नाव दोन जणांनी सुचवलं, अर्ज करा. मी हो-नाही काहीच म्हटलं नाही. उमेदवारांसाठीचं माहितीचं पॅक वाचलं, छत्तीस पानांचं आहे, त्यात महत्त्वाकांक्षा, व्हॅल्यूज, ट्रान्सफॉर्मेशन सगळं आहे पण रिझर्व्हज, म्हणजे अडीअडचणीसाठी राखलेली शिल्लक, किती उरलेत ते कुठेच नाही. ते मी त्यांच्या बजेट पेपरमधून शोधलं तर बघून पोटात गोळा आला. गेल्या तीन वर्षांत जनरल रिझर्व्ह जवळजवळ अर्ध्यावर आलाय आणि सोशल केअरचं बजेट दरवर्षी ओव्हरस्पेंड.

माझ्या बाबांनी नगरपालिकेत लेखापाल म्हणून आयुष्य काढलं. मुख्याधिकारी बदलून येताना आणि जाताना त्यांनी ढिगाने पाहिले, आमच्या घरात रात्रीच्या जेवणाला हाच विषय असायचा. त्यांना सांगितलं तर म्हणाले, 'तिथे नगरसेवक तुझा इंटरव्ह्यू घेणार? मग तू त्यांना नाही कसं म्हणणार?' आणि खरं सांगते, माझ्याही मनात नेमकं तेच आहे. डेप्युटी म्हणून मी नाही म्हणते तेव्हा माझ्यामागे बॉस असते. तिथे मागे कोणी नसेल.

तर मला कळून घ्यायचंय की सपोर्टिंग स्टेटमेंट कसं लिहायचं, मेंबर पॅनलमध्ये, म्हणजे काउन्सिलरांच्या इंटरव्ह्यूत, नेमकं काय बघतात, आणि अर्ज करण्याआधी काउन्सिलची तब्येत कशी तपासायची. पगार, पेन्शन याबद्दल कोणी अनुभवी असेल तर तेही सांगा. अर्जाला अजून अठरा दिवस आहेत.

पेनाईनपलीकडे

ताई, मी नॉर्दर्न इंग्लंडमध्ये काउन्सिल एचआरमध्ये आहे, चीफ ऑफिसर लेव्हलच्या आठ-नऊ नेमणुकांची कागदपत्रं माझ्या हातून गेलीत, त्यामुळे प्रक्रिया सांगते, बाकीचं फायनान्सवाले सांगतील.

आधी एक गोष्ट जी भारतातून आलेल्या बऱ्याच लोकांना अडकवते आणि तुम्हाला सुदैवाने अडकवणार नाही. सेक्शन १५१ ऑफिसर व्हायला १९८८ च्या लोकल गव्हर्नमेंट फायनान्स ॲक्टच्या कलम ११३ मध्ये जी अकाउंटन्सी संस्थांची यादी दिलीय तिथली मेंबरशिप लागते, आणि भारतातली सीए इन्स्टिट्यूट त्या यादीत नाही. नुसत्या भारतीय सीएवर पोस्ट मिळत नाही, अनुभव वीस वर्षांचा असला तरी. तुमचं सिपफा आहे म्हणजे तो प्रश्न मिटला, पण अर्जात ते पहिल्याच पानावर, मेंबरशिप चालू आहे असं स्पष्ट लिहून टाका, मी स्वतः एका चांगल्या माणसाचा अर्ज यावरून उगाच आठवडाभर लटकलेला पाहिलाय.

आता पायऱ्या. जाहिरात बंद झाली की फर्म लाँगलिस्ट करते, मग लाँगलिस्टमधल्यांशी कन्सल्टंटचा इंटरव्ह्यू होतो, त्यात बहुतेक वेळा दुसऱ्या काउन्सिलचे आजी किंवा माजी फायनान्स डायरेक्टर टेक्निकल ॲसेसर म्हणून बसलेले असतात आणि खरं खोदकाम ते करतात. मग काउन्सिलर्सची अपॉइंटमेंट्स कमिटी शॉर्टलिस्ट ठरवते. शेवटी दोन दिवस, एक दिवस स्टाफ पॅनल, पार्टनर पॅनल म्हणजे एनएचएस, पोलिस, व्यापारी मंडळी वगैरे, एखादी सायकोमेट्रिक टेस्ट, आणि दुसऱ्या दिवशी मेंबर पॅनल. स्टाफ पॅनलला हलकं घेऊ नका. मार्क देतात की नाही हे काउन्सिलगणिक बदलतं पण त्यांचा फीडबॅक मेंबर्सच्या टेबलावर जातोच, आणि ज्यांनी तिथे ज्युनिअर लोकांशी तुटक बोलून घोळ केला ते मेंबर पॅनलला पोहोचेपर्यंत अर्धे हरलेले असतात.

निवडीचा कायदा साधा आहे, १९८९ च्या लोकल गव्हर्नमेंट अँड हाउसिंग ॲक्टच्या कलम ७ प्रमाणे नेमणूक मेरिटवरच व्हायला पाहिजे. पण नंतरचा एक टप्पा कोणी सांगत नाही म्हणून सांगते. २००१ च्या स्टँडिंग ऑर्डर्स रेग्युलेशन्सनुसार नेमणूक करणाऱ्या कमिटीवर कॅबिनेटचा, म्हणजे कारभार चालवणाऱ्या काउन्सिलरांच्या गटातला, निदान एक मेंबर असावा लागतो, आणि ऑफर देण्याआधी सगळ्या कॅबिनेट मेंबर्सना नाव कळवून हरकतीसाठी मुदत द्यावी लागते. त्यामुळे संध्याकाळी फोन येऊन 'तुम्ही आमची पसंती आहात' असं म्हटलं तरी ती ऑफर नव्हे. काही काउन्सिलमध्ये पुढे फुल काउन्सिललाही जावं लागतं. ती मुदत संपून लेखी ऑफर हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका, कितीही आनंद झाला तरी.

आणि कुठल्याही काउन्सिलरला फोन, मेसेज, चहा काहीही नको. बहुतेक काउन्सिलच्या नियमात कॅनव्हासिंग, म्हणजे वशिला लावायचा प्रयत्न, केलं तर अर्ज बाद असं स्पष्ट असतं. कोणी नात्यात असेल तर फॉर्ममध्ये लिहा. बोलायचं असेल तर पॅकमध्ये चीफ एक्झिक्युटिव्हशी अनौपचारिक गप्पांसाठी नंबर दिलेला असतो तो वापरा, त्यासाठीच असतो, आणि जो उमेदवार वापरत नाही त्याला रस कमी आहे असंच धरलं जातं.

स्टेटमेंटबद्दल. पर्सन स्पेसिफिकेशनमधला, म्हणजे उमेदवाराकडून काय हवंय त्या यादीतला, प्रत्येक मुद्दा घेऊन त्याखाली तुमचं काम लिहा. आपल्या मराठी लोकांचं एक बघितलंय, विशेषतः बायकांचं, आम्ही केलं, टीमने केलं, मला संधी मिळाली असं लिहितात. सवयीने लिहितात, त्यात मोठेपणा न घेण्याचा संस्कार आहे आणि तो संस्कार मला आवडतो, पण वाचणाऱ्याला मात्र कळतच नाही की तुम्ही नेमकं काय केलं. तुम्ही किती सेव्हिंग्ज काढले, त्यातले किती प्रत्यक्षात आले आणि किती नाही आले, नाही आलेल्यांचं तुम्ही काय केलं, हे लिहा. नाही आलेले लिहिणारे फार थोडे असतात आणि टेक्निकल ॲसेसर नेमकं तिथेच थांबून वाचतो.

कृष्णाकाठची

इतकं तपशीलवार लिहिलंत, खूप आभार. ती ऑफरची गोष्ट मला खरंच माहीत नव्हती, मी तर संध्याकाळच्या फोनवर दुसऱ्या दिवशी नोटीस दिली असती. एक विचारते, त्यांच्या दोन वर्षांच्या अकाउंट्सवर ऑडिटरने डिसक्लेमर दिलाय, म्हणजे मत द्यायलाच नकार. हे किती वाईट समजायचं?

आकडेमोड

डिसक्लेमरवरून लगेच घाबरू नका. लोकल ऑडिट इतकं तुंबलं होतं की सरकारने कायद्याने शेवटची तारीख घातली, २०२२-२३ पर्यंतच्या सगळ्या वर्षांसाठी १३ डिसेंबर २०२४, आणि त्या तारखेला ज्यांचं काम अपुरं होतं त्यांच्यावर ऑडिटरनी डिसक्लेमर मारून फाईल बंद केली. शेकड्यांनी दिले गेले, त्यात चांगल्या चालणाऱ्या काउन्सिलीही आहेत. बघायचं ते हे की डिसक्लेमर का आला, ऑडिटरकडे वेळ नव्हता म्हणून की काउन्सिलने ड्राफ्ट अकाउंट्सच वेळेत दिले नाहीत म्हणून. दुसरं असेल तर तुमच्या फायनान्स टीममध्ये माणसं नाहीत किंवा लेजर बिघडलंय आणि तुमचं पहिलं वर्ष त्यातच जाणार.

त्यानंतर ऑडिटर्स ॲन्युअल रिपोर्ट वाचा, व्हॅल्यू फॉर मनीचा भाग. तिथे 'सिग्निफिकंट वीकनेस' हे शब्द आलेत का, आणि कितव्या वर्षी परत आलेत. आणि मग माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे सेक्शन २५ रिपोर्ट. २००३ च्या लोकल गव्हर्नमेंट ॲक्टप्रमाणे बजेट ठरवताना फायनान्स ऑफिसरला लिहून द्यावं लागतं की अंदाज भक्कम आहेत का आणि रिझर्व्हज पुरेसे आहेत का, आणि काउन्सिलला तो विचारात घ्यावाच लागतो. तुम्हाला हे माहीतच आहे, तुम्ही स्वतः लिहिण्यात हात लावत असाल, पण दुसऱ्याच्या काउन्सिलचे तीन वर्षांचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून वाचलेत का? भाषा बदलत जाते. पहिल्या वर्षी पुरेसे आहेत, दुसऱ्या वर्षी पुरेसे आहेत पण, तिसऱ्या वर्षी त्या 'पण' च्या पुढे दीड पान. आधीच्या माणसाने लिहिलं आणि मेंबर्सनी ऐकलं नाही, की त्याने लिहिलंच नाही, यावरून तुम्हाला तिथली हवा कळेल.

मग ट्रेझरी. कर्ज किती, कशासाठी, आणि एमआरपी म्हणजे कर्जफेडीसाठी दरवर्षी बाजूला काढायची रक्कम नीट काढतात का. वोकिंगचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा, छोटी बरो काउन्सिल, वर्षाचं मूळ उत्पन्न साधारण १.६ कोटी पौंड, आणि जून २०२३ ला सेक्शन ११४ आला, म्हणजे उत्पन्नात खर्च भागत नाही अशी फायनान्स ऑफिसरची नोटीस निघाली, तेव्हा तूट सांगितली १२० कोटी पौंड. हॉटेल आणि टॉवरसाठी काढलेली कर्जं, आणि एमआरपी पुरेसं काढलेलंच नव्हतं. स्पेशल एज्युकेशनच्या खात्यातली तूट पण बघा, ती सध्या मार्च २०२८ पर्यंत हिशेबातून बाजूला ठेवायची सवलत आहे म्हणून रिझर्व्हमध्ये दिसत नाही, पण रोख पैसा तर रोज जातोय. आणि त्यांनी सरकारकडे एक्झेप्शनल फायनान्शियल सपोर्ट मागितलाय का? २०२५-२६ साठी ३० काउन्सिलना तो मिळाला, तो मागणं ही काही लाज नाही, पण तो म्हणजे मुख्यतः मालमत्ता विकून किंवा कर्ज काढून रोजचा खर्च भागवायची परवानगी असते, आणि ते कर्ज फेडायचं नियोजन तुमच्या टेबलावर येईल.

पेन्शनचं मात्र आत्ताच बघा, ऑफर आल्यावर नको. तुम्ही २००८ पासून एलजीपीएसमध्ये, म्हणजे काउन्सिलच्या पेन्शन योजनेत, आहात म्हणजे मार्च २०१४ पर्यंतचा तुमचा भाग फायनल सॅलरीवर आहे. पगार उडी मारतो तेव्हा तो जुना भागही त्याच वर्षी फुगतो. समजा ८५ हजारांवरून १३५ वर गेलात, साडेपाच वर्षं, दर वर्षाला पगाराचा साठावा भाग धरला तर वर्षाचं पेन्शन साधारण ४,६०० पौंडांनी वाढलं, टॅक्सचे नियम त्याला १६ ने गुणतात, म्हणजे ७३ हजार, वर चालू वर्षाचा एकोणपन्नासावा भाग धरला की आणखी ४४ हजार. ॲन्युअल अलाउन्स, म्हणजे वर्षात टॅक्सशिवाय पेन्शन वाढायची मर्यादा, ६० हजार आहे. महागाईची वजावट आणि आधीच्या तीन वर्षांचं न वापरलेलं अलाउन्स पुढे आणता येतं त्यामुळे कदाचित काहीच भरावं लागणार नाही, पण माझ्या ओळखीच्या एकांना दीड वर्षाने पत्र आलं तेव्हा घर हादरलं होतं. दुसऱ्या फंडात जाताना जुनं पेन्शन वेगळं ठेवायचं असेल तर कळवायला १२ महिने असतात, तोही पर्याय हिशेब करूनच निवडा.

अजून एक, मी स्वतः एका अशाच पोस्टमधून फायनलच्या आदल्या दिवशी नाव काढून घेतलं होतं. कारण सोपं होतं, जाणाऱ्या फायनान्स डायरेक्टरशी बोलायची परवानगी मागितली आणि तीनदा टाळलं. ते बोलणं झालं असतं आणि ऐकलेलं वाईट असतं तरी मी कदाचित गेलो असतो. टाळलं म्हणून नाही गेलो.

सोअरनदीकाठी

मी दोन टर्म काउन्सिलर होतो, त्यातली चार वर्षं अपॉइंटमेंट्स कमिटीवर, म्हणजे तुमच्या समोरच्या खुर्चीत बसणारा माणूस मी. वरचं सगळं बरोबर आहे, मी फक्त त्या खोलीतलं सांगतो.

आम्ही सात-आठ जण असायचो, दोन-तीन पक्षांचे. आमच्यातले बहुतेक जण अकाउंटंट नसतात. कोणी बस ड्रायव्हर, कोणी शाळेत शिक्षिका, कोणी रिटायर. टेक्निकल परीक्षा आधीच झालेली असते त्यामुळे आम्ही तुम्हाला एमआरपीचं सूत्र विचारणार नाही, आम्ही बघत असतो की ही बाई फेब्रुवारीत रात्री साडेनऊला चेंबरमध्ये उभी राहून आम्हाला काय झालंय ते समजेल असं सांगू शकेल का. म्हणून तयारी करताना घरातल्या फायनान्सशी संबंध नसलेल्या माणसाला तीन मिनिटांत बजेटची तूट समजावून सांगा, त्याला कळलं तर आम्हाला कळेल. ॲक्सेंटची काळजी अजिबात करू नका, सावकाश बोला, एवढंच.

तुमच्या वडिलांनी विचारलंय ना, नगरसेवकांनी नेमलं तर त्यांना नाही कसं म्हणणार, तर मी प्रत्येक उमेदवाराला नेमका तोच प्रश्न विचारायचो, फक्त उलट बाजूने. आमच्या ग्रुपला मनापासून हवा असलेला प्रस्ताव तुम्हाला परवडणारा वाटला नाही तर आम्हाला ते कधी कळेल आणि कसं कळेल? जे म्हणायचे मी कायदा दाखवेन ते मला पटायचे नाहीत, कारण कायदा दाखवायची वेळ आली म्हणजे आधी सहा महिने कोणी बोललेलंच नाही. आणि जे म्हणायचे आपण मिळून मार्ग काढू, त्यांना मी कधीच मत दिलं नाही. मला हवं असायचं ते असं, की लीडरला, म्हणजे काउन्सिलच्या राजकीय प्रमुखाला, बंद खोलीत लवकर सांगेन, मग चीफ एक्झिक्युटिव्ह आणि मॉनिटरिंग ऑफिसरला (कारभार कायद्यात बसतो का ते बघणारा अधिकारी) सांगेन, मग लेखी देईन, आणि तरीही पुढे गेलात तर रिपोर्टमध्ये सगळ्या शहरासमोर लिहीन. हे ज्या उमेदवाराने आवाज न चढवता सांगितलं, तिला आम्ही तिन्ही पक्षांनी एकमताने घेतलं.

आणि तुम्ही लिहिलंय की मागे कोणी नसेल. अहो, ११४ ची नोटीस काढायचा अधिकार त्या एका ऑफिसरचा आहे, चीफ एक्झिक्युटिव्ह आणि मॉनिटरिंग ऑफिसरशी सल्लामसलत करायची, पण निर्णय तिचा. आम्ही काउन्सिलर मत देऊन तो अडवू शकत नाही. नोटीस प्रत्येक मेंबरला जाते, २१ दिवसांत काउन्सिलला बसावं लागतं आणि तोपर्यंत तिच्या परवानगीशिवाय नवा खर्च बंद. नॉर्दम्प्टनशायरला फेब्रुवारी २०१८ ला निघाली तेव्हा जवळजवळ वीस वर्षांत पहिलीच होती, त्यानंतर क्रॉयडन, स्लाव, थरॉक, बर्मिंगहॅम, नॉटिंगहॅम. नॉर्दम्प्टनशायर काउंटी काउन्सिल तर एप्रिल २०२१ ला संपलीच, दोन युनिटरी झाल्या. शिवाय अशा ऑफिसरला काढायचं तर २०१५ पासून नियम असा आहे की निर्णय फुल काउन्सिलचाच आणि त्याआधी स्वतंत्र व्यक्तींच्या पॅनलचं मत घ्यावं लागतं. म्हणजे संरक्षण आहे. ते पुरतं का, तर माझा अनुभव असा की लोकांना काढत नाहीत, एकटं पाडतात, मीटिंगचं निमंत्रण उशिरा येतं, कागद आदल्या रात्री येतो. म्हणून चीफ एक्झिक्युटिव्हशी बोलताना हे विचारा की १५१ ऑफिसर कॅबिनेटच्या अनौपचारिक बैठकांना पहिल्यापासून असते का, फक्त तिचा भाग आला की बोलावतात. उत्तर ऐका आणि उत्तर द्यायला किती वेळ लागला तेही बघा.

माजी मुख्याधिकारी

सौ. कृष्णाकाठची यांना आशीर्वाद. तुमच्या वडिलांसारख्या लेखापालांच्या जिवावर आम्ही मुख्याधिकाऱ्यांनी नोकऱ्या केल्या, त्यामुळे राहवलं नाही. इंग्लंडचं मला काही ठाऊक नाही पण वडिलांचा प्रश्न कुठून आला ते नीट ठाऊक आहे.

आपल्याकडे मुख्याधिकारी एमपीएससीतून येतो, बदली नगरविकास खातं करतं, नगरपरिषदेचा त्यात काही अधिकार नाही. महापालिकेत आयुक्त राज्य सरकार पाठवतं आणि मुख्य लेखा व वित्त अधिकारी बहुतेक ठिकाणी वित्त व लेखा सेवेतून प्रतिनियुक्तीवर येतो. म्हणजे ज्यांच्या ठरावावर आम्ही टिपणी लिहितो त्यांनी आम्हाला नेमलेलं नसतं. याचं बळ मोठं होतं. सभागृहाने बेकायदेशीर किंवा न परवडणारा ठराव केला तर १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवायचा, महापालिकेत ४५१ खाली शासनाकडे विखंडनासाठी, म्हणजे ठराव रद्द करण्यासाठी, पाठवायचा. मी माझ्या नोकरीत ३०८ ला अनेक ठराव पाठवले. एका गावात भाजी मंडईच्या गाळ्यांचं भाडं दहा वर्षं गोठवायचा ठराव होता, लेखापालाने मला रात्री घरी येऊन वसुलीचा तक्ता दाखवला, सकाळी मी प्रस्ताव पाठवला. तक्ता त्याचा होता, सही माझी होती, आणि चार महिन्यांनी बदली पण माझीच झाली. त्या लेखापालाला मात्र त्याच गावात, त्याच लोकांत पुढची बारा वर्षं काढायची होती. तुमच्या वडिलांना हे सांगितलंत तर त्यांना कळेल मी काय म्हणतोय.

पण त्या बळाची दुसरी बाजूही मी भोगली आहे. वरून आलेला माणूस म्हणून नगरसेवक मला कायम परका धरायचे, मी बरोबर सांगितलं तरी हा मंत्रालयाचा माणूस म्हणून कोणी ऐकायचं नाही. आयुक्तांवर एकूण नगरसेवकांच्या पाच-अष्टमांश मतांनी अविश्वास आणता येतो, नवी मुंबईत २०१६ ला तुकाराम मुंढे यांच्यावर तसा ठराव झालाच होता, ते त्यानंतरही काही महिने तिथे राहिले आणि पुढे बदली झाली. भांडण कायद्याचं राहत नाही, माणसाचं होतं. तुमच्याकडे मात्र ज्यांना नाही म्हणायचं त्यांनीच निवडून घेतलेलं असणार. मला तर वाटतं हे सोपं नसलं तरी चांगलं आहे, कारण त्या दिवशी तुम्ही म्हणू शकाल की मला घेताना तुम्ही हाच प्रश्न विचारला होता आणि मी हेच उत्तर दिलं होतं. आम्हाला असं म्हणायची सोय कधीच नव्हती.

एक सूचना, म्हातारा माणूस म्हणून. पहिल्या महिन्यात हाताखालच्या लेखा विभागातल्या सगळ्यात जुन्या माणसाबरोबर बसा आणि त्याला विचारा की कुठली गोष्ट तू तीन वेळा लिहून दिलीस आणि कोणी वाचली नाही.

पेनाईनपलीकडे

काका, तो शेवटचा प्रश्न मी आमच्या इंडक्शनच्या कागदात घालणार आहे.

ताई, एक राहिलंच होतं. काउन्सिल युनिटरी आहे म्हणालात म्हणजे तुलनेने बरं, पण आजूबाजूला जर काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशी दोन थरांची व्यवस्था असेल तर सरकारच्या डिसेंबर २०२४ च्या व्हाईट पेपरनंतर (धोरणाचा मसुदा) ती सगळी मोडून नव्या युनिटरी करायचं चाललंय, बऱ्याच ठिकाणी एप्रिल २०२८ ची तारीख धरलीय, आणि त्यात शेजारच्या छोट्या युनिटरीही ओढल्या जाऊ शकतात. तसं असेल तर तुमची पोस्ट दोन-अडीच वर्षांची ठरू शकते आणि नव्या काउन्सिलमध्ये परत अर्ज करावा लागेल. हे चीफ एक्झिक्युटिव्हला सरळ विचारा, वाईट वाटून घेत नाहीत. आणि पोस्ट पॉलिटिकली रिस्ट्रिक्टेड असते, म्हणजे राजकीय काम करता येत नाही, तुमचं आत्ताचं पदही बहुतेक तसंच असेल, पण घरात कोणी पक्षाचं काम करत असेल तर तुमच्या नावाने पत्रकं, फेसबुक पोस्टी काही जाणार नाही याची काळजी घ्या.

कृष्णाकाठची

सगळ्यांना एकत्रच उत्तर देते, दहा दिवस गायब होते कारण खरंच बसून वाचत होते.

तीन वर्षांचे सेक्शन २५ रिपोर्ट शेजारी ठेवले. आकडेमोड, तुम्ही म्हणालात तशी भाषा बदललेली निघाली, पण हळूहळू नाही, एकदम. पहिली दोन वर्षं गुळगुळीत आहेत आणि तिसऱ्या वर्षी नव्या माणसाने, जे इंटरिम म्हणजे तात्पुरते नेमलेले आहेत, साडेचार पानं सरळ लिहिलंय की रिझर्व्हजचा असा वापर यापुढे चालणार नाही आणि ॲडल्ट केअरचा अंदाज कमी धरला जातोय. आणि मिनिट्स वाचले तर मेंबर्सनी त्यावर दोन तास चर्चा करून बजेटमधून दोन प्रोजेक्ट काढले. दोन्ही पक्षांनी. ते वाचून माझं मत बरंच बदललं, कारण तिथे लिहिलेलं वाचतात हे तरी कळलं.

चीफ एक्झिक्युटिव्हशी चाळीस मिनिटं बोलले. कॅबिनेटच्या अनौपचारिक बैठकीचं विचारलं तर म्हणाल्या, आत्तापर्यंत नसायची, इंटरिम आल्यापासून असते, आणि ते तसंच राहणार हे लीडरकडून लेखी घेतलंय. इंटरिमशी बोलायची परवानगी मागितली, त्यांनी दुसऱ्याच दिवशी त्यांचा नंबर दिला. त्यांनी मला एक तास दिला आणि जे सांगितलं त्यातलं अर्धं वाईट होतं, लेजर सिस्टीम बदलायचं अडकलंय, टीममध्ये चार जागा रिकाम्या आहेत. डिसक्लेमरपैकी एक ऑडिटरच्या वेळेमुळे, दुसरा काउन्सिलच्याच उशिरामुळे. रीऑर्गनायझेशनचं विचारलं, शेजारच्या भागाचं ठरतंय, यांच्या सीमा बदलतील की नाही ते अजून नक्की नाही, तेवढा धोका मी धरून चाललेय. पेन्शनचं एस्टिमेट मागवलंय, अजून आलं नाही.

स्टेटमेंटचा पहिला ड्राफ्ट वाचला तर त्यात 'आम्ही' एकोणीस वेळा आलं होतं. सगळे काढले नाहीत, जिथे खरंच टीमचं काम होतं तिथे ठेवले, सात उरले. सेव्हिंग्जमधले न जमलेले दोन लिहिले, त्यातला एक माझ्याच चुकीच्या अंदाजाने गेला होता, तेही लिहिलं. लिहिताना हात थांबला होता हे कबूल करते.

काका, तुमचा प्रतिसाद बाबांना व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवला. गाळ्यांच्या भाड्याचं वाचल्यावर ते गप्प झाले आणि मग त्यांनी १९८७ सालचा पाणीपट्टीच्या एका ठरावाचा किस्सा सांगायला घेतला जो मी इतक्या वर्षांत कधीच ऐकला नव्हता, पाऊण तास चालला, आई दोनदा जेवायला हाक मारून गेली. ते म्हणाले तुम्हाला विचार की तुम्ही तेव्हा कुठल्या जिल्ह्यात होतात. इथे उघड सांगू नका, मला खाजगी मेसेज केलात तर त्यांना कळवते.

अर्ज रविवारी रात्री पाठवतेय. शॉर्टलिस्ट झाले तर मेंबर पॅनलच्या आधी सोअरनदीकाठी यांना एक विनंती करणार आहे, तीन मिनिटांचं तुटीचं स्पष्टीकरण फोनवर ऐकून घ्याल का, सध्या ते आमच्या चौदा वर्षांच्या मुलाला ऐकवतेय आणि तो अजून रिझर्व्ह आणि बचत यातल्या फरकाशी अडतोय.

सोअरनदीकाठी

घेईन की. शनिवार सकाळ सोडून कधीही. आणि मुलाला जिथे अडतं तो भाग बदला, आम्हीही तिथेच अडायचो.